वाचक विचारतात : पॅरिसचं काळं मांजर

‘शा न्वार’ म्हणजे फ्रेंचमध्ये काळं मांजर. या नावाच्या पॅरिसमधल्या कॅबरेवर गेल्या अंकात एक टिपण आलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. सगळ्यात जास्त पत्रं छायानाट्याबद्दल होती, म्हणून जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

प्र. : शा न्वार आणि मुलां रूज एकच का? दोन्ही पॅरिसच्या मोंमार्त्र या वस्तीत, दोन्ही त्याच काळातले. गोंधळ होतो.

दोन्ही वेगळे, आणि दोन्हीकडे जायचं कारणही वेगळं. शा न्वार 1881च्या नोव्हेंबरात सुरू झाला. मुलां रूज त्यानंतर आठ वर्षांनी, 6 ऑक्टोबर 1889 रोजी, ब्लांश चौकात उघडला. शार्ल झिडलर आणि जोझेफ ओलेर या दोन मुरलेल्या व्यावसायिकांनी तो काढला. तो मोठा नाचघर होता : प्रशस्त लाकडी जमीन, मागे बाग, आणि लोक यायचे ते कँकॅन, म्हणजे पाय उंच उडवत केला जाणारा नाच, बघायला. शा न्वारमध्ये नाचायला जागाच नव्हती. तिथे कवी आपल्या कविता स्वतः म्हणत, गाणारे स्वतः रचलेली गाणी गात, चित्रकार भिंती रंगवत आणि गिऱ्हाईक बिअरचा पेला समोर ठेवून ऐकत बसे.

‘कॅबरे’ या शब्दाचा जुना फ्रेंच अर्थ दारूचा गुत्ता एवढाच आहे. झगमगते कपडे आणि पिसांचे मुकुट ही त्या शब्दाला पुढे चिकटलेली भर. साहित्य आणि चित्रकलेच्या जोरावर चालणारा गुत्ता, म्हणजे ‘कलावंतांचा कॅबरे’, ही कल्पना रुजवली ती शा न्वारने.

प्र. : एका साध्या गुत्त्यात कवी-चित्रकार जमायला लागले कसे? मालक स्वतः कलावंत होता का?

मालकाचं नाव रोडॉल्फ सालिस. त्याचा जन्म 1851चा, गाव शातेलरो. चित्रकार व्हायला पॅरिसला आला. त्यात त्याची डाळ शिजली नाही, पण माणसं हेरण्याची नजर त्याला होती आणि बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

जागा निवडली ती रोशशुआर बुलवारवरची, म्हणजे रुंद हमरस्त्यावरची, क्रमांक 84. दोन लहान खोल्या, बस्स. मोंमार्त्रची टेकडी 1 जानेवारी 1860 रोजी पॅरिस शहरात सामील झाली. त्याआधी ती वेशीबाहेर होती, शहरात येणाऱ्या मालावरची जकात तिथे लागत नव्हती, त्यामुळे वाइन स्वस्त मिळे. म्हणून तिथे गुत्त्यांची दाटी झाली होती. वेस हलली, पण गुत्ते आणि स्वस्त भाडी राहिली. चित्रकार भाड्याच्या ओढीने वर चढले होते, सालिस त्यांच्या मागोमाग आला.

खरी कलाटणी मिळाली ती एमिल गुदो या कवीच्या भेटीने. गुदोने 1878 साली सेन नदीच्या दक्षिण तीरावर, विद्यार्थ्यांच्या वस्तीत, ‘इद्रोपात’ नावाचं मंडळ काढलं होतं. दर आठवड्याला कवी जमत आणि आपलंच लेखन मोठ्याने वाचून दाखवत. मंडळ मोडलं तेव्हा माणसं होती, पण बसायला जागा नव्हती. सालिसकडे जागा होती, माणसं नव्हती. गुदो आपला सगळा गोतावळा घेऊन नदी ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी आला आणि सालिसचा जम बसला.

मागच्या खोलीला सालिसने नाव दिलं ‘इन्स्टिट्यूट’. ती फक्त कलावंतांसाठी. खोली अंधारी आणि अडचणीची होती, एरवी तिथे बसायला कोणी तयार झालं नसतं. मोठं नाव देऊन आणि दार थोडं लोटून घेऊन त्याने तिथे प्रवेश मिळणं हाच मान करून टाकला. पुढच्या खोलीत जुनी, जड, तेराव्या लुईच्या (सतराव्या शतकातला फ्रेंच राजा) काळातल्या वळणाची लाकडी आसनं. बाहेर पत्रा कापून रंगवलेली पाटी : चंद्रकोरीवर बसलेलं काळं मांजर. ती पाटी अडॉल्फ विलेत या चित्रकाराची. आज ती पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयात आहे.

पण आमच्या मते सालिसची सगळ्यात शहाणपणाची खेळी म्हणजे साप्ताहिक. ‘शा न्वार’ याच नावाचा चार पानी अंक 14 जानेवारी 1882 रोजी निघाला, म्हणजे दुकान उघडून दोनच महिन्यांत. पहिला संपादक गुदो, पुढे विनोदी लेखक आल्फाँस आलेनेही ते काम केलं. कविता, विनोद, आणि चित्रांसाठी राखून ठेवलेली जागा. विलेत आणि स्टाइनलेन यांच्या एकही शब्द नसलेल्या चित्रमालिका इथेच छापल्या गेल्या. स्टाइनलेनच्या मांजरांच्या खोड्या आजही बघाव्यात. मांजर सुताच्या गुंडीशी खेळायला लागतं आणि चौकटीगणिक त्यातच गुरफटत जातं, एवढीच गोष्ट, पण पाठीची प्रत्येक कमान खऱ्या मांजराची. दोन खोल्यांत माणसं मावतील तेवढीच मावणार, छापील कागदाला ती मर्यादा नव्हती. गुत्ता न पाहिलेल्या माणसाच्या घरातही त्या गुत्त्याचं नाव गेलं.

प्र. : धंदा चांगला चालला होता, तर 1885मध्ये जागा का बदलली?

दोन कारणं. एक, जागा पुरेना. दुसरं जास्त गंभीर. त्या बुलवारवर गुंडांचा राबता होता. त्यांच्याशी मारामारी झाली, त्यात एका वेटरचा जीव गेला. त्यानंतर तिथे राहणं धोक्याचं झालं.

1885च्या जूनमध्ये, रात्री, मशाली पेटवून वाजतगाजत बिऱ्हाड हललं ते लावाल रस्त्यावरच्या 12 क्रमांकाच्या मजलेदार घरात. पत्ता शोधणाऱ्यांसाठी : 1887पासून त्या रस्त्याचं नाव व्हिक्तर मासे रस्ता आहे. नव्या जागेत वेटरांना सालिसने फ्रेंच अकादमी या भाषा-साहित्याच्या मानाच्या संस्थेतल्या सदस्यांसारखे हिरवे, वेलबुट्टीचे कोट घातले.

जुनी जागा घेतली आरिस्तीद ब्रुआं या गायकाने आणि तिथे ‘मिर्लितों’ हा स्वतःचा कॅबरे थाटला. सालिसची तेराव्या लुईच्या वळणाची एक खुर्ची तिथेच राहून गेली होती. ब्रुआंने ती परत न देता त्या खुर्चीवर गाणं केलं आणि गिऱ्हाइकं ते कोरसमध्ये म्हणू लागली.

प्र. : शा न्वारच्या छायानाट्याला इतकी कीर्ती का मिळाली? भिंतीवर सावल्या पाडणं तर कुणालाही येतं. तिथे वेगळं काय होतं?

सुरुवात अगदी घरगुती होती. नव्या जागेत बाहुल्यांच्या खेळासाठी एक छोटा रंगमंच बांधला होता. 1885 संपता संपता, ज्यूल जुई हा गायक पोलिसांवरचं एक गाणं म्हणत असताना, आन्री रिव्हिएर या तरुण चित्रकाराने त्या रंगमंचाच्या तोंडावर जेवणाच्या टेबलावरचा पांढरा नॅपकिन ताणून बांधला, मागे दिवा ठेवला आणि पुठ्ठ्याचे पोलीस त्यावरून चालवले. लोकांना ते आवडलं. रिव्हिएर मात्र तेवढ्यावर थांबला नाही. पुढची दहा-अकरा वर्षं तो या एकाच गोष्टीच्या मागे लागला आणि सुमारे चाळीस खेळ त्या पडद्यावर झाले.

पडदा होता 1.12 मीटर उंच आणि 1.40 मीटर रुंद. म्हणजे मोठ्या टेबलाएवढा. त्यावर 1886च्या डिसेंबरात कारान दाशने नेपोलियनच्या मोहिमा उभ्या केल्या. (कारान दाश हे टोपणनाव. रशियनमध्ये ‘करंदाश’ म्हणजे पेन्सिल, आणि हा चित्रकार जन्मला मॉस्कोत.) एवढ्याशा पडद्यावर फौज मावली कशी? त्याने एकेक सैनिक सुटा कापला नाही. एकाच पत्र्यात अख्खी तुकडी कापली, पुढचा घोडेस्वार मोठा, मागच्या रांगा लहान लहान होत क्षितिजाला भिडलेल्या. असे पत्रे ओळीने सरकू लागले की पलटणीमागून पलटण जाते आहे असं वाटे.

पुठ्ठा सोडून जस्ताच्या पत्र्यावर येण्याला कारणं होती. पुठ्ठा दिव्याच्या धगीने वाकतो, आणि वाकला की सावलीची कड एका बाजूला फुटते. रोज हाताळून कोपरे मऊ होतात, बंदुकीची नळी किंवा घोड्याचा लगाम यांसारखे बारीक भाग तुटून पडतात. जस्त मऊ, त्यामुळे बारीक करवतीने नाजूक आकार कापता येतो, आणि पत्रा पातळ असूनही आपला सपाटपणा राखतो. पण तो जड असतो, म्हणून काठ्यांवर धरून नाचवता येत नाही, चौकटीतल्या खाचांमधून सरकवावा लागतो. शा न्वारच्या खेळांची जी संथ, मिरवणुकीसारखी चाल होती, ती या पत्र्याच्या स्वभावातून आली. उड्या आणि कोलांट्या या माध्यमाला जमत नव्हत्या, मग रिव्हिएरने विषयच असे निवडले की ज्यांत चालणं, सरकणं, उगवणं आणि मावळणं आहे.

आता मुख्य गोष्ट. खाचा पडद्यापासून तीन वेगवेगळ्या अंतरांवर होत्या. पडद्याला लागून असलेल्या आकृतीची सावली काळीकुट्ट आणि धारदार पडते. मागच्या खाचेतली थोडी करडी, त्यामागची आणखी फिकट. चित्रकार निसर्गचित्रात दूरचा डोंगर फिका रंगवतो, तेच काम इथे अंतराने केलं. त्यात प्रकाश आणि आकृत्यांच्या दरम्यान रंगवलेल्या काचा सरकवल्या जात. निळी काच हळूहळू बाजूला जाऊन नारिंगी आली की पहाट झाली. 1887च्या डिसेंबरातला ‘संत आंत्वानचं प्रलोभन’ हा 40 दृश्यांचा खेळ आणि 1890च्या जानेवारीतला ‘ताऱ्याकडे प्रवास’ हे या रंगांच्या खेळाचे नमुने. दुसऱ्याचं संगीत जॉर्ज फ्राजरोलचं. पडद्यामागे दहा-बारा माणसं लागत. समोर सालिस उभा राहून निवेदन करी, बरंचसं आयत्या वेळी सुचेल तसं.

उजेड ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्वाळेचा. त्या काळच्या अशा दिव्यांत ही ज्वाळा कळीच्या चुन्याच्या कांडीवर सोडत, कांडी तापून पांढरीशुभ्र उजळे. कांडीचा एकच भाग सतत तापला तर तिथे खड्डा पडतो आणि उजेड मंदावतो, म्हणून ती दर काही मिनिटांनी थोडी फिरवावी लागते. हवेतला ओलावा शोषून ती भुसभुशीत होते, म्हणून बंद डब्यात ठेवावी लागते. एवढी कटकट सोसायचं कारण असं की प्रखर उजेड अगदी लहानशा ठिपक्यातून मिळतो, आणि धारदार सावलीसाठी ठिपका लहानच हवा.

प्र. : शाळेत मुलांकडून असाच तीन थरांचा छायाखेळ बसवायचा आहे. पडदा शा न्वारच्या मापाचाच घेतला आहे. पण मागच्या आकृत्या फिकट होण्याऐवजी अवाढव्य आणि गिचमीड दिसतात. काय चुकतंय?

बहुधा दिवा फार जवळ आहे. हिशेब सोपा आहे. सावली किती पट मोठी होईल हे काढायला दिवा ते पडदा या अंतराला दिवा ते आकृती या अंतराने भागायचं.

दिवा पडद्यापासून 3 मीटरवर आणि आकृती पडद्यापासून 60 सेंटिमीटरवर असेल तर 300 भागिले 240, म्हणजे सव्वा पट. हे चालतं. तोच दिवा 1 मीटरवर आणला तर 100 भागिले 40, म्हणजे अडीच पट! मागचं झाड पुढच्या माणसावर कोसळल्यासारखं दिसणारच.

कडेचा धूसरपणाही असाच मोजता येतो : दिव्याच्या उजळ भागाची रुंदी गुणिले आकृती ते पडदा, भागिले दिवा ते आकृती. 1 सेंटिमीटरचा दिवा 3 मीटरवर असेल तर 5 सेंटिमीटरवरच्या आकृतीची कड 0.2 मिलिमीटरहून कमी पसरते, 30 सेंटिमीटरवर सुमारे 1 मिलिमीटर, 60 सेंटिमीटरवर अडीच मिलिमीटर. डोळ्याला हे तीन थर स्वच्छ वेगळे दिसतात. दिवा 1 मीटरवर असताना 60 सेंटिमीटरवरच्या आकृतीची कड दीड सेंटिमीटर पसरते. तीच तुमची गिचमीड.

म्हणून असं करा. एकच एलईडी असलेला प्रखर टॉर्च घ्या आणि पुढचं भिंग काढता येत असेल तर काढा. अनेक एलईडींचा दिवा घेऊ नका, प्रत्येकाची वेगळी सावली पडून एका माणसाचे सहा होतात. दिवा पडद्याच्या मध्यरेषेत 3 मीटरवर पक्का बांधा. हातात धरू नका, हात हलला की सगळं जग हलतं. पुढची खाच 5, मधली 30 आणि मागची 60 सेंटिमीटरवर ठेवा. मागच्या थराच्या आकृत्या हव्या त्या मापाच्या पाच भागांतले चार एवढ्या कापा, म्हणजे सव्वा पटीने वाढून त्या बरोबर बसतील.

मागची सावली नुसती धूसर न होता करडी व्हायला हवी असेल तर मागच्या जागेत थोडा पसरलेला उजेड लागतो. बाजूच्या भिंती पूर्ण काळ्या न करता फिक्या राखाडी कागदाने मढवा. त्यावरून उसळलेला उजेड दूरच्या सावलीत शिरतो आणि तिला फिकी करतो. जवळच्या आकृतीमागे तो फारसा शिरू शकत नाही, म्हणून ती काळीच राहते.

पडद्याला दाट विणीचं पांढरं सुती कापड घ्या. विरळ कापडातून प्रेक्षकांना दिवाच लख्ख दिसतो आणि मध्यभागी पांढरा डाग पडतो. कापड ओलं करून चौकटीवर ताणा, वाळलं की घट्ट बसतं. मुलांना जस्ताचा पत्रा देऊ नका, कापलेली कड सुरीसारखी असते. जाड काळा पुठ्ठा पुरे, फक्त बारीक भागांना मागून तार चिकटवा. एलईडीची धग पुठ्ठ्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तो वाकण्याची भीती नाही. रंगासाठी रंगीत पारदर्शक कागद दिव्यासमोर हातभर अंतरावर सरकवा. पडद्याजवळ नेलात तर कागदाची कड रेघ होऊन दिसेल. दिव्याजवळ ती विरघळते आणि पहाट जशी व्हावी तशीच होते.

प्र. : घरात काळ्या मांजराचं ते प्रसिद्ध पोस्टर आहे. विकणाऱ्याने ‘कॅबरेच्या उद्घाटनाचं, 1881चं मूळ’ असं सांगितलं होतं. खरं असेल का?

1881चं तर नक्कीच नाही. ते पोस्टर स्टाइनलेनचं, 1896 सालचं. कॅबरेच्या उद्घाटनाचं तर मुळीच नव्हे. सालिस तेव्हा मंडळी घेऊन गावोगाव दौरे करत होता आणि हे त्या दौऱ्याचं पोस्टर. त्यावरचे शब्दच ते सांगतात : शा न्वारची सुविख्यात मंडळी लवकरच येत आहे, सोबत रोडॉल्फ सालिस. मांजराच्या डोक्यामागे संतांच्या चित्रात असतं तसं तेजोवलय आहे, त्यात ‘मोंजुआ मोंमार्त्र’ लिहिलंय. ‘मोंजुआ’ ही फ्रेंच राजांची जुनी रणगर्जना.

पॅरिसच्या शार्ल व्हेर्नोच्या छापखान्यात ते शिळाप्रेसवर छापलं गेलं. मोठ्या आकाराची प्रत सुमारे 136 बाय 96 सेंटिमीटर, लहान आकारातही छपाई झाली. शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून जातो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग काळ्या-लाल सीमेवर ठेवा. रंग सलग किंवा दाणेदार दिसला, कुठे एका रंगाची कड दुसऱ्यावर किंचित चढलेली असली, तर शिळाछपाईची शक्यता आहे. बारीक ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली तर ती पुढच्या काळातली ऑफसेट नक्कल. तेवढ्याने चित्राची गंमत कमी होत नाही, पण मूळ म्हणून किंमत मोजू नये.

प्र. : फ्रेंच संगीतकार एरिक साती तिथे पियानो वाजवत असे म्हणतात. खरं का?

खरं. 1887च्या सुमारास तो तिथे आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. दुय्यम वादक म्हणून गाण्यांना आणि छायाखेळांना साथ करी. त्याच्या ‘जिम्नोपेदी’ या पियानोसाठीच्या रचना 1888च्या, म्हणजे याच काळातल्या. 1891मध्ये सालिसशी बिनसलं आणि तो जवळच्याच दुसऱ्या ठिकाणी वाजवू लागला.

प्र. : इतकं नाव असताना ते बंद का पडलं? आज तिथे काय बघायला मिळतं?

सगळा डोलारा एका माणसाच्या जिभेवर आणि धडपडीवर उभा होता. निवेदन सालिसचं, सौदे सालिसचे, दौरे सालिसचे. दौरे वाढले तसं पॅरिसचं घर ओस पडू लागलं. त्यात 28 डिसेंबर 1895 रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्येच तिकीट लावून हलती चित्रं दाखवली. 1897च्या मार्चमध्ये सालिस वारला, पंचेचाळीस वर्षांचा होता. कॅबरे त्याच वर्षी संपला. त्याच साली बार्सिलोनात ‘एल्स क्वात्रे गात्स’, म्हणजे ‘चार मांजरं’, हे तसंच कलावंतांचं ठिकाण सुरू झालं. ते काढणाऱ्यांत शा न्वारमध्ये काम केलेला पेरे रोमेऊ होता.

मूळ जागी जाऊन फारसं काही हाती लागत नाही. विलेतने शा न्वारसाठी 1884 साली रंगवलेलं ‘पार्से दोमिने’ हे भलंमोठं चित्र मोंमार्त्रच्या संग्रहालयात आहे. रिव्हिएर आणि कारान दाशचे जस्ताचे पत्रे ओर्से संग्रहालयात जपून ठेवले आहेत. ते दिसले तर पत्र्यात कापलेल्या मागच्या रांगेतल्या सैनिकांकडे जरूर बघा.